शेपटीला खिसा

पेंडसे साहेबांनी पहिला नग उचलला, उलटासुलटा केला आणि टेबलावर ठेवला.

"फेल."

दुसरा उचलला. "हाही फेल. मास्टर, सगळे असेच आहेत का?"

"साठच्या साठ एकसारखे," मी म्हणालो. "सुताचा फरक निघाला तर सांगा."

"मग साठही फेल."

उल्हासनगरला कॅम्प पाचात गोपसेठचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, चार मशिनी आणि मी. रिक्षाचं हूड, स्कूटरचं कव्हर, टेम्पोची ताडपत्री, जाड कापडाचं जे येईल ते आम्ही शिवायचो. माझं शिक्षण चौथी. तेवढं पुरलं. मी शिवलेलं हूड बदलापूरपर्यंतचे रिक्षावाले लांबून ओळखायचे.

नव्वदीच्या सुरुवातीला सेठनी विमानाचं काम आणलं. विमानतळावर विमानांची देखभाल करणारी एक कंपनी होती, तिचं. पेंडसे साहेब तिथले इंजिनियर. माल तपासून पास-फेल करायचं काम त्यांचं.

आता काम काय ते सांगतो. विमानाच्या नाकाजवळ बाहेरून एक बारीक नळी असते. तिला पिटो म्हणतात. विमान पळायला लागलं की तिच्यात हवा घुसते आणि त्यावरून पायलटला स्पीड कळतो. विमान उभं असलं की कुंभारीण माशी त्या नळीत मातीचं घर करते. आपल्या घरी प्लगच्या भोकात करते, तसंच. म्हणून नळीला कापडी टोपी घालतात आणि उडायच्या आधी काढतात. काढायची राहिली तर काट्यावर स्पीड चुकीचा दिसतो. रिक्षा कडेला लावून बघता येते, विमान नाही.

या टोपीला एक लाल पट्टी जोडायची होती. हातभर लांब, वर इंग्रजी छापलेलं. पट्ट्या छापूनच आल्या होत्या. मला इंग्रजी येत नाही. आमच्या उल्हासनगरात कापडावर इंग्रजी दिसलं की ते लेबल, आणि लेबल आत जातं. शिवाय माझ्या हातच्या मालाला काही लोंबत नाही. धागा नाही, नाडी नाही. आणि इथं ड्रॉइंगमध्ये हातभर शेपूट मोकळं सोडलेलं. मी टोपीला छोटा खिसा केला, पट्टीची घडी घालून आत सरकवली, खिशाला टिचबटण लावलं. ड्रॉइंग काढणाऱ्याला सुचलं नाही ते मला सुचलं, असं मी सेठना सांगितलंही होतं.

साहेबांनी एका टोपीचं बटण उघडून पट्टी बाहेर ओढली.

"यावर काय लिहिलंय, माहीत आहे?"

"कंपनीचं नाव असेल."

"उडण्याआधी हे काढा, असं लिहिलंय. आणि ते तुम्ही खिशात ठेवलंत."

"मग ज्याला वाचायचंय त्यानं बटण उघडावं."

दाराशी जमिनीवर बसून शेवंताबाई बटणं ठोकायची. ती म्हणाली, "साहेब, मास्टरशी वाद घालू नका. आमची दहा वर्षं गेली त्यात."

सेठ घाबरले होते. "मास्टर, आज का आज डिलिव्हरी देनी है. हा लॉट गेला तर विमानवाले आपल्या दारात परत येणार नाहीत. साहेब बोलतात तसं करून दे ना."

"का करून देऊ? कोणी टोपी काढायला विसरतो म्हणून माझं काम फेल? तो माणूस बदला."

"घालणारा एक असतो, काढणारा दुसरा," साहेब म्हणाले. "मधे शिफ्ट बदलते. घाई असते. तुम्ही कधी काही विसरत नाही, मास्टर?"

"नाही. आणि टोपी लाल आहे. डोळे असलेल्या माणसाला ती दिसते. हा लॉट फेल झाला तर उद्यापासून मी मशीनला हात लावणार नाही."

सगळ्यांसमोर बोललो. चारही मशिनी थांबल्या होत्या.

साहेब "बरं" म्हणाले आणि हात धुवायला बाहेर गेले.

 सेठनी खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढली. "मी कॅम्प तीनमधून दुसरा मास्टर घेऊन येतो. तू बस."

मी बसलो.

बाहेर सेठनी स्कूटरला किक मारली. फट् करून बंद. परत मारली. परत बंद. दहा-बारा किका झाल्या. सेठचा शर्ट घामानं भिजला. दुसरा मास्टर आणायला निघालेल्या माणसाला मदत करावी असं काही नव्हतं, पण चुकीचं काम मला बघवत नाही. मी उठलो. प्लग काढला, पुसला, परत लावला. पेट्रोलचा कॉक बघितला. टाकी हलवली. किक मारली. फट्, बंद. पंधरा मिनिटं गेली. पेंडसे साहेब चहाचा ग्लास घेऊन दारात उभे होते.

"मास्टर," शेवंताबाई खालूनच म्हणाली, "स्कूटरला टोपी घातलीय."

मी वाकलो. सायलेन्सरच्या तोंडावर माझा नग होता. लाल. बटण लावलेलं, शेपूट खिशात.

"साहेब, ये क्या मजाक है?" सेठ म्हणाले.

"डोळे असलेल्या माणसाला दिसते, असं मास्टर म्हणाले. तुम्ही दोघं इथंच आहात. मी वाट बघत होतो."

मी म्हणालो, "सायलेन्सर खाली असतो. खाली वाकून कोण बघतं?"

"विमानाची नळी डोक्याच्या वर असते," साहेब म्हणाले. "वर मान करून कोण बघतं?"

 मी बटण उघडलं आणि पट्टी बाहेर काढली. ती मातीपर्यंत लोंबली. मी अजून उभा राहतोय तोच रस्त्यापलीकडून पानवाला ओरडला, "सेठ, पीछे क्या लटक रहा है?"

मी आत गेलो आणि ब्लेड घेतलं.

"मास्टर, मघाशी तुम्ही काहीतरी बोलला होतात," शेवंताबाई म्हणाली.

"उद्यापासून म्हणालो होतो. आज अजून आहे."

साठ खिसे उसवले. उसवायला मशीन लागत नाही, त्यामुळं शब्दही मोडला नाही. साहेब शेजारी बसून एकेक पट्टी ओढून बघत होते. दिवस मावळायच्या आत लॉट पास झाला. लॉट पास झाला म्हणजे माझं बोलणं लागूच होत नाही, हे मी शेवंताबाईला नीट समजावलं. ती मान खाली घालून बटणं मोजत राहिली.

काही महिन्यांनी तेच काम परत आलं. ड्रॉइंगही तेच, फक्त खाली एक ओळ वाढलेली. मी सेठना वाचायला लावली.

"पट्टीसाठी खिसा करू नये," सेठनी वाचलं आणि ड्रॉइंग माझ्या हातात दिलं.

एवढे शिकलेले इंजिनियर, पण ती ओळ आधी कोणाला सुचली नव्हती. ती माझ्यामुळं आली. पुढं कामात कितीतरी ड्रॉइंगं आली, त्यांवर कसल्या कसल्या सूचना असायच्या. अमुक उलटं लावू नये, तमुक रंगवू नये. बाकीचे हसायचे, एवढं काय सांगायचं म्हणून. मी हसलो नाही. अशी प्रत्येक ओळ कोणत्या तरी हुशार माणसानं काम केल्यावरच लिहावी लागते.