वर्गातली एकच कोरडी फरशी

नारायणगावात आम्ही पाच-सहा निवृत्त शिक्षिका महिन्यातून एकदा कुणा एकीच्या घरी जमतो. चहा येईपर्यंत गुडघेदुखी बोलून संपते आणि मग शाळेचे किस्से निघतात. ते एवढे साठले आहेत, की त्यांच्यासाठी आता वेगळे कपाट मागावे लागेल. आणि कपाट मागायचे तर अर्ज तीन प्रतींत. मी मात्र डोळ्यांदेखत घडले तेवढेच सांगते. माझ्या वाट्याचे बहुतेक किस्से एकाच छपराखाली घडले.

माझी शेवटची शाळा आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या बाजूला, एका वाडीत होती. खोल्या दोन. त्यांतली तिसरी-चौथीची खोली गळत असे. वासे कुजले होते, कौले सरकली होती, आणि त्या भागात पाऊस चार महिने मुक्काम ठोकतो. निवृत्त होण्यापूर्वी एवढे छप्पर नीट झालेले पाहावे, याखेरीज शासनाकडे माझे काही मागणे नव्हते. मी अर्ज केला. उत्तर आले : ‘आपल्या शाळेचे नाव यादीत आहे. यादीप्रमाणे पाळी येईल.’

* * *

त्या वर्षी अर्थसंकल्पात शिक्षणासाठी ‘भरीव तरतूद’ झाली. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष सखारामभाऊ वर्तमानपत्र घेऊन आले. घरच्या मेंढ्या राखणारा, तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. परंतु बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा. त्यांनी विचारले, “बाई, ही भरीव तरतूद आपल्या छपरापर्यंत पोचंल का?”

तरतूद पोहोचली, पण भिंतींपर्यंत. निधी भिंती रंगवण्यासाठी होता आणि तो दुसऱ्या कामाला वापरता येत नव्हता. रंगाऱ्याने गळक्या खोलीत जलचक्र काढले : समुद्र, वाफ, ढग, पाऊस. जुलैपर्यंत वरच्या पावसाने चित्रातला पाऊस धुऊन नेला.

केंद्रप्रमुखांनी भेटीच्या वहीत शेरा लिहिला : ‘प्रत्यक्ष अनुभवातून अध्यापनाचा स्तुत्य प्रयत्न.’

* * *

पुढच्या वर्षी हात धुण्याचे केंद्र आले. पांढऱ्या टाइल्स आणि ओळीने पाच चकचकीत नळ. नळांना पाणी आणण्याचे काम मात्र दुसऱ्या योजनेत होते आणि ती योजना आमच्या वाडीत अद्याप आलेली नव्हती.

सखारामभाऊंनी पाचही नळ एकेक करून सोडून पाहिले. मग ते म्हणाले, “बाई, नळ भायेर हायेत, पाणी वर्गात हाय. मधी निस्ता पाइप टाकायचा ऱ्हायलाय.”

* * *

अखेर त्यांनी मेंढ्यांच्या वाड्यावरची ताडपत्री आणून छपरावर बांधली. पंधरा दिवस मुले कोरडी बसली. सोळाव्या दिवशी नळांचे फोटो काढायला इंजिनिअर आले आणि त्यांची नजर वर गेली. शासकीय इमारतीवर विनापरवानगी आच्छादन! आठ दिवसांत काढण्याची नोटीस आली.

ताडपत्री गुंडाळताना सखारामभाऊ एवढेच म्हणाले, “चला, मेंढरांला तरी परवानगी लागत न्हाई.”

* * *

आणि मग छपराचा निधी खरोखर आला. तीस मार्चला, दुपारी चार वाजता, फोनवर. केंद्रप्रमुखांनी सांगितले, की रक्कम मंजूर आहे, फक्त काम पूर्ण होऊन पैसे खर्च झाल्याचे प्रमाणपत्र उद्यापर्यंत सहीनिशी द्यायचे. मी म्हटले, छपराचे एक कौलही हललेले नाही. ते काकुळतीला आले. “बाई, सगळ्या शाळांनी दिलंय. सही तेवढी करा, काम मागाहून होईल.”

शेजाऱ्याच्या वहीतून एक ओळ उतरवली, तरी मी आयुष्यभर मुलांचे गुण कापले होते. मी सही केली नाही. निधी परत गेला.

सखारामभाऊ हे ऐकून मेंढ्यांकडे निघून गेले. ते रागावले असते तर बरे झाले असते.

त्या पावसाळ्यात पहिल्या मोठ्या सरीला खिचडी शिजवणाऱ्या हिराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे मोठे पातेले मी गळतीखाली ठेवले होते. त्यांनी शांतपणे विचारले, “बाई, आज खिचडी का छप्पर? पातेलं एकच हाय.”

* * *

त्या खोलीत दाराजवळची एकच फरशी कोरडी राहत असे. मुलांनी तिचा नियम ठरवला होता : ज्याची धडा वाचण्याची पाळी, त्याने तिच्यावर उभे राहायचे, म्हणजे पुस्तक भिजत नाही. पाळी हजेरीच्या यादीप्रमाणे. या नियमावरून कधी भांडण झाल्याचे मला आठवत नाही.

माझ्या शेवटच्या पावसाळ्यात कळले, की कार्यालयाच्या संगणकावर आमच्या छपरापुढे ‘उत्तम’ अशी नोंद आहे. ती कोणी केली, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मी लेखी तक्रार केली. खात्री करून घेण्यासाठी तालुक्याहून एक साहेब आले, भर पावसात, फाइल घेऊन. वर्गात शिरले, इकडे-तिकडे पाहिले आणि कोणीही सुज्ञ माणूस जिथे उभा राहील तिथे, त्या कोरड्या फरशीवर, उभे राहिले.

मी छप्पर दाखवले. त्यांनी वर पाहिले, मग फाइलीत पाहिले.

“बाई, इथं तर उत्तम दिसतंय.” मग फाइल मिटून म्हणाले, “असं करा, पुन्हा अर्ज द्या. नाव यादीत घेऊ. यादीप्रमाणे पाळी येईल.”

तेवढ्यात चौथीतली रूपाली पुस्तक स्वेटरखाली धरून त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

“सायेब, सरका. माझी पाळी हाय.”

साहेब सरकले. एक थेंब फाइलीवर पडला, दुसरा चष्म्यावर. त्यांनी हसून तिला विचारले, “मग मी कुठं उभा राहू?”

रूपालीने पुस्तक उघडले, पान शोधले, आणि माझ्या टेबलावरच्या हजेरीकडे बोट दाखवले.

“तुमचं नाव शेवटी घालायला सांगते बाईंना. यादीपरमानं पाळी येईल.”