चाकाचे सहा आरे

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून एरवी माझं काही लपत नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते मात्र विचारू नका.

माझ्या महाडच्या स्टुडिओत दारासमोरच एक फोटो आहे. कशेडी घाट रुंद करत होते तेव्हाचा. हवा दाबणारं जुनं मशीन, कॉम्प्रेसर. गावातले लोक त्याला ‘वाऱ्याचं इंजिन’ म्हणायचे. नवं यायचं होतं, म्हणून जुन्याचा आणि त्याच्या शेडचा फोटो काढून ठेवायला कामावरच्या साहेबांनी मला बोलावलं.

शेडमध्ये शिरलो आणि — काय सांगू? तोवर मी नवरानवरी आणि बारशाची पोरं टिपलेला माणूस. इथे काळ्या दगडाच्या भिंती, वर पत्रा, आणि मध्ये माझ्याहून उंच चाक गरगरत होतं. आवाज कानात नाही, छातीत बसत होता. तिथून निघालेला लोखंडी पाइप थेट वर कड्यापर्यंत गेलेला, आणि त्यातल्या नुसत्या हवेच्या जोरावर माणसं खडकाला भोकं पाडत होती. नुसत्या हवेच्या! माझे हात आपोआप जोडले गेले. मशीन चालवणारा धोंडूदादा, कापडे गावचा, ते बघून हसला.

“वारा कोंडतो आमी हितं,” म्हणाला. मशीनवर त्याने जास्वंदीचं फूल वाहिलं होतं.

दारातून उन्हाची तिरीप नेमकी चाकावर आली. पण जमीन थरथरत होती, कॅमेरा हलत होता. मी म्हटलं, मिनिटभर बंद करा. तो नको म्हणाला. साहेबांची शिट्टी झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. पण ऊन सरकत होतं. मी हट्टाला पेटलो.

“कोणी विचारलं तर मी सांगतो ना. खुशाल माझ्यावर ढकला.”

हे माझे शब्द. नीट आठवतात.

त्याने बंद केलं. मी फोटो घेतला. तिकडे वर हवा तुटली आणि खडकात घुसलेली ड्रिलं तिथेच अडकून बसली. साहेब तणतणत आले तेव्हा मी दुसऱ्या फोटोसाठी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरलो होतो. कॅमेऱ्याच्या काचेवर दोघं मला उलटे दिसत होते — पाय वर, डोकी खाली. कोणी बंद केलं, साहेबांनी विचारलं. धोंडूदादाने कॅमेऱ्याकडे पाहिलं. थांबला. किती वेळ थांबला? कापड बाजूला करायला असा कितीसा वेळ लागतो?

“मी केलं, साहेब,” तो म्हणाला.

मी कापडाखालीच राहिलो. साहेब तापट होते, पुढची कामं त्यांच्याकडूनच — नाही, जाऊ द्या. भ्यालो. एवढंच.

त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. मुंबईला हमालीला जायच्या आधी तो स्टुडिओत आला. मला वाटलं, आता बोलेल. तो फोटोसमोर उभा राहिला आणि बघतच राहिला, देवळात उभा असल्यासारखा. मग बोटाने चाकाचे आरे मोजले.

“सहाच्या सहा दिसतात हो,” म्हणाला. “चालू असतं तर येकबी दिसला नसता.”

मी चहा विचारला. नको म्हणाला, आणि गेला.

लोक अजून त्या फोटोपाशी थांबतात. किती स्वच्छ आलाय, म्हणतात. मी हो म्हणतो.