पेरू का?

माझ्या नोकरीचं नाव आमच्या घरात कुणालाच एका दमात सांगता येत नाही, मलासुद्धा नाही. मी एका आंतरराष्ट्रीय संस्थेत आहे आणि शांतिसेनेसाठी देशोदेशींकडून सैनिक मागणं हे माझं काम आहे. अशा संस्थेकडे स्वतःची फौज नसते. कुठंतरी लढाई थांबते, दोन बाजूंच्या मध्ये उभं राहायला पलटणी लागतात, आणि त्या कुणीतरी द्याव्या लागतात. हे ‘कुणीतरी’ शोधायचं, त्याला चहा पाजायचा, त्याचं मन वळवायचं आणि होकार पक्का होईपर्यंत त्याची पाठ सोडायची नाही. वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये भोंग्याच्या तालावर वाढलेल्या मुलीनं असलं ना सुरुवात ना सुट्टी असलेलं काम का धरलं, याचं माझ्या माहेरी अजून नवल करतात.

सासरी कुणी नवल केलं नाही. सासर कन्हेरीचं, पेरूच्या बागेचं. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, मी एकदा सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “म्हंजी इर्जिक घालतीस म्हण की.”

इर्जिक म्हणजे काय हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. ट्रॅक्टर नव्हते तेव्हा एकाचं रान नांगरायचं असलं की शेजारपाजारचे शेतकरी आपापले बैल आणि नांगर घेऊन एक दिवस त्याच्या रानात उतरायचे. मजुरी नाही. संध्याकाळी पोटभर जेवण, आणि उद्या त्यांची वेळ आली की आपण जायचं. आबा तरुणपणी इर्जिक घालण्यात पटाईत होते, असं ते स्वतः सांगतात. त्यांची युक्ती अशी की, बोलवायला गेलं की प्रत्येक जण एकच विचारतो, “आनखी कोन येतंय?” मग पहिल्याला सांगायचं दुसरा येतोय, आणि दुसऱ्याला सांगायचं पहिला येतोय. एका वर्षी ते पहिला आणि दुसरा बारामतीच्या बाजारात एकमेकांना भेटले. त्या इर्जिकीचा स्वयंपाक मग घरच्याच माणसांनी खाऊन संपवला. हे आबा सांगत नाहीत, सासूबाई सांगायच्या.

पण प्रश्न मात्र आबांनी बरोबर पकडला होता. मी कितीतरी राजधान्यांमध्ये, गुळगुळीत टेबलांपाशी, कडक इस्त्रीच्या माणसांसमोर बसले आहे. भाषा निराळ्या, टाय निराळे, प्रश्न एकच. आणखी कोण येतंय? कुणालाही पहिलं व्हायचं नसतं. आबा म्हणत, “त्यो ‘कोन’ इचारतोय तवर त्याचं काय खरं न्हाय. ‘कवा यायचं?’ म्हनला की घरी येऊन डाळ शिजाय टाकावी.” हे मी माझ्या साहेबांना इंग्रजीत सांगून पाहिलं होतं. साहेब नुसते हसले.

त्या हिवाळ्यात मी रजेवर कन्हेरीला आले ती एक भिजत घोंगडं बरोबर घेऊनच. एका दूरच्या देशात आमच्या मोहिमेचा तळ होता आणि तळाला लागून, तारेच्या कुंपणापलीकडे, लढाईतून पळून आलेल्या लोकांची छावणी होती. तळावरच्या पलटणीची मुदत संपत आली होती. तिच्या देशाला ती परत हवी होती आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. बदली पलटण आली नाही तर छावणी मोडणार, माणसं डोक्यावर बोचकी घेऊन पुन्हा चालू लागणार. बदलीसाठी दोन देश माझ्या गळाला लागले होते. एकाकडे माणसं होती, गाड्या नव्हत्या. दुसरा गाड्या द्यायला तयार होता, माणसं नाही. पहिला म्हणे, गाड्या येणार असतील तर बघू. दुसरा म्हणे, माणसं येणार असतील तर बघू. या ‘बघू’चा अर्थ मराठी माणसाला सांगायला नको.

रजेआधी मी त्या छावणीत जाऊन आले होते. कुंपणाच्या कडेला एका बाईनं हातभर रुंदीची पट्टी खणून, दगड वेचून, भुसभुशीत करून ठेवली होती. रान तयार, पेरणी मात्र नाही. मी बागायतदारांची सून, मला राहवेना. तळावरच्या इस्पितळात आपल्या सैन्याचे एक डॉक्टर होते, इंदापूरचे. त्यांना तिथली भाषा कामापुरती येत होती. त्यांना मध्ये घेऊन मी विचारलं, का पेरलं नाही? तिनं अंगावरच्या कापडाच्या टोकाची गाठ दाखवली. गाठीत भेंडीचं बी होतं, घर सोडताना आणलेलं, एकाच पेरणीला पुरेल एवढं. पेरलं आणि मध्येच निघावं लागलं तर बी गेलं. न पेरता इथंच राहिले तर पोरांना मोजक्या धान्यावर ठेवायचं आणि बी गाठीत जुनं होऊ द्यायचं. तिनं माझ्याकडे सरळ बघून विचारलं, आणि डॉक्टरांनी त्याचं आपल्या मराठीत केलं, “ती म्हनतीया, शिपाई ऱ्हानार हायती का? मी पेरू का?”

एवढा साधा प्रश्न मला आजवर कुठल्या राजदूतानं विचारला नव्हता. डॉक्टरांकरवी कळवते, असं सांगून मी निघाले आणि विमानात बसेपर्यंत मला स्वतःची लाज वाटत होती.

कन्हेरीत आमच्याकडे तेव्हा फळाला पिशव्या घालायचं काम चाललं होतं. पेरू लिंबाएवढा झाला की त्याला फोमची जाळी आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी घालतात, म्हणजे माशी लागत नाही आणि डागही पडत नाही. हे काम मला फार आवडतं. हाताला काम, डोक्याला सुट्टी, वर ऊन कोवळं. रांगेच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला आबा, आणि मध्ये क्रेटवर माझा फोन, स्पीकरवर टाकलेला. रजा फक्त नावाची होती. दिवसातून दहादा त्यातून कुणीतरी ‘बघू’ म्हणायचं.

त्या दिवशी मी नळाशी हात धुवायला गेले आणि नेमका डॉक्टरांचा फोन आला. आबांनी उचलला. मी परत येईतो बोलणं संपलं होतं.

“कुणाचा होता?”

“त्या तुज्या इंदापूरच्या डॉक्टरचा. लई खरखर हुती. बरं हाय सगळं म्हनला.” आणि आबांनी पुढच्या पेरूला जाळी चढवली. मीही फार विचारलं नाही. चुकलंच माझं, पण आबा फोनवर तीन वाक्यांच्या पुढं कधी जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी मीच डॉक्टरांना फोन लावला आणि म्हटलं, त्या बाईला सांगा, अजून काही ठरलेलं नाही, थोडं थांब.

डॉक्टर म्हणाले, “ताई, काल तर तुमच्याकडनं व्हय म्हनून सांगितलं की. म्या इचारलं, ती बाई इचारतीया, पेरू का? तर तितनं कोनतरी म्हनलं, व्हय व्हय, बिनघोर, वाटेल तेवढं! तुमच्या हापिसातलं साहेब असतील म्हनलं. म्या लगेच जाऊन सांगितलं. तिनं पेरलं बी.”

ते साहेब नव्हेत, माझे सासरे, एवढं सांगून मी फोन ठेवला आणि आबांकडे बघितलं. “आबा, काल डॉक्टरांना काय सांगितलंत?”

“काय सांगनार? कोन बाई पेरू मागत हुती. म्हनलं व्हय, बिनघोर, वाटेल तेवढं. आपल्याकडं काय कमी हाय?” वर मलाच विचारलं, “का? न्हाय म्हनायचं हुतं? दारात आलेल्या मानसाला?”

मी संतापले. आबांवर संतापून उपयोग नसतो, ते आपल्याबरोबर संतापतात आणि कशाबद्दल ते विचारत नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं. गाठीतलं बी, कुंपणाकडची पट्टी, जाणारी पलटण. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला. जाळी तशीच हातात राहिली. “म्हंजी माज्या एका शब्दावर तिनं बी टाकलं?” ते म्हणाले. दुपारी जेवायला बसले तेव्हा म्हणाले, “त्या दोगांना सांगून टाक. ह्याला सांग त्यो येतोय, त्याला सांग ह्यो येतोय.”

“आबा, ते दोघं एकाच इमारतीत बसतात.”

“आमचं दोगं बी एकाच बाजारात भेटलं,” आबा म्हणाले. सासूबाई असायला हव्या होत्या तेव्हा.

पुढच्या बैठकीला ते दोन्ही देशांचे प्रतिनिधी एकत्र येणार होते, आणि मी कन्हेरीच्या घरातून, स्क्रीनवर. खोलीतले पेरूचे क्रेट दिसू नयेत म्हणून मागं चादर टांगली आणि चांगली साडी नेसून बसले. माणसंवाल्या देशाचे गृहस्थ वयस्क होते, मृदू बोलणारे. गाड्यांवाल्या देशाच्या बाई तरुण आणि घड्याळ बघणाऱ्या. नमस्कार चमत्कार झाले आणि गृहस्थांनी आपल्या मृदू आवाजात तेच विचारलं, “आणखी कोण येतंय, हे आज सांगू शकाल का?”

माझं उत्तर तयार होतं. अनेक देशांशी चर्चा चालू आहे आणि ती उत्साहवर्धक आहे. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की झोपेतही म्हणेन. तेवढ्यात चादरीमागं आबा खाकरले. ते आत येऊन क्रेटवर बसले होते, हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांना इंग्रजी कळत नाही, पण ‘कोण’ विचारलेलं त्यांना कुठल्याही भाषेत कळलं असतं.

“एक बाई आली आहे,” मी म्हणाले. “ती आधीच रानात उतरली आहे.”

आणि मी सांगितलं. सगळं, चुकीसकट. एका शब्दाचे आमच्या भाषेत दोन अर्थ होतात, एक फळ आणि एक प्रश्न, आणि माझ्या सासऱ्यांनी फळ समजून होकार दिला. आता भेंडी जमिनीत आहे. तुम्ही दोघं आणखी कुणाची वाट बघताय हे मला माहीत आहे, पण पहिलं माणूस कधीच पुढं झालं आहे. असं उघड बोलणं माझ्या नोकरीत चालत नाही, पण बोलले.

गाड्यांवाल्या बाईंनी घड्याळ बघायचं सोडलं होतं. गृहस्थ खुर्चीत पुढं झुकले. मला वाटलं, झालं, आता कामाची शिस्त यावर चार शब्द ऐकायचे. त्यांनी विचारलं, “त्या पट्टीला पाणी कुठून आणते ती?”

तळाच्या टाकीतून गळतं ते, डब्यानं, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. “माझे वडील असंच करायचे,” ते म्हणाले. मग समोरचे कागद बाजूला सारून त्यांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी त्यांच्याकडे, आणि ते मला म्हणाले, “आमच्या लोकांनी कधीपर्यंत पोचायला हवं?”

‘कोण’ नाही. ‘कधी’. मला हुंदकाच आला आणि तो मी खोकला म्हणून खपवला. बैठक संपल्यावर चादर बाजूला केली. आबा क्रेटवर तसेच बसून होते.

“काय म्हनला त्यो?”

“कवा यायचं म्हनला.”

आबा उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी मोठ्यानं सांगितलं, “डाळ टाका गं शिजाय!” घरात काय चाललंय ते कुणालाच कळलं नाही, पण त्या दुपारी खरंच पुरणपोळी झाली.

त्यानंतरही पुष्कळ झालं. सह्या, विमानं, रंग न दिलेल्या गाड्या, मध्येच अडलेलं एक बंदर. पण जुनी पलटण निघायच्या आत नवी आली आणि छावणी राहिली. मी कामावर परत गेले आणि पुढच्या रजेला पुन्हा पेरूत उभी राहिले. तिथंच डॉक्टरांनी पाठवलेला फोटो आला. कुंपणाच्या कडेला कमरेएवढी भेंडी, तिच्यावर पिवळी फुलं, काही शेंगा मुद्दाम बियाण्यासाठी वाळत ठेवलेल्या, आणि शेजारी ती बाई, कापडाच्या टोकाची नवी गाठ हातात धरून. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं की, बी दुप्पट झालंय, आणि बाई विचारतेय, त्या व्हय म्हणणाऱ्या आजोबांच्या रानात काय असतं?

मी आबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो फार वेळ बघितला, आधी भेंडी, मग बाई, मग गाठ.

“काय सांगू तिला, आबा?”

“पेरू,” आबा म्हणाले.

मी डॉक्टरांना तेवढा एकच शब्द पाठवला. तिला त्यांनी त्याचा कोणता अर्थ सांगितला, हे मी विचारलेलं नाही.