दाढ काढली की डोळे जातात

माझी अक्कलदाढ काढायची वेळ आली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. ‘आता कुठे अक्कल येऊन राहिली का तुले?’ असं म्हणून ऑफिसातल्या बायका पोट धरून हसल्या. उलट बोलायची मला सवय आहे, पण तेव्हा तोंडच उघडत नव्हतं, म्हणून त्या वाचल्या. दाढ खालची, उजवीकडची. हिरडीत आडवी रुतून बसली होती आणि अधूनमधून अशी ठणकायची की कानापर्यंत कळ जायची. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, मेडिकलवाल्याच्या गोळ्या झाल्या. एक दिवस गाल भज्यासारखा फुगला आणि मी नागपुरातल्या सक्करदऱ्यात आमच्या घराजवळच्या दातांच्या दवाखान्यात जाऊन बसले.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने इंजेक्शन दिलं, हिरडी कापली, मशीनने दाढेचे तुकडे केले. दुखलं नाही, पण आवाज ऐकू येत होता. आपल्याच डोक्यात कुणी सुपारी फोडतंय आणि आपण आ करून पडून आहोत, असा तो प्रकार. शेवटचा तुकडा निघताना तिने एवढा जोर लावला की माझी मान खुर्चीवरून घसरली. मी रडले. दुखत नसताना का रडले, हे मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी माझा मोठा भाऊ भेटायला आला. भाऊ काटोलला राहायचा. स्वतःचा टेम्पो होता त्याचा. मोसमात संत्री भरून नागपूरच्या मार्केटला आणायचा, एरवी जे मिळेल ते भाडं. तोंडात कायम खर्रा. पानठेल्यावरून सुपारी-तंबाखू-चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घ्यायचा आणि डाव्या गालात दाबून ठेवायचा. आमच्याकडे त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लग्नघरी चहा विचारावा तसा खर्रा विचारतात.

तो आला, संत्र्यांची पिशवी ठेवली. मला आंबट खायची बंदी आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. सुजलेल्या गालाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. माझ्यासमोर हात धरून म्हणाला, “हे किती बोटं आहेत?”

मला अजून तोंड उघडता येत नव्हतं. हातानेच सांगितलं, तीन.

“बराबर दिसून राहिलं ना तुले? दाढ काढली की डोळे जाते.”

हे आमच्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. दाढेची नस डोळ्याला जाते, दाढ उपटली की नजर मंदावते. आमच्या आजोबांनी याच भीतीने किडके दात तोंडात सांभाळले होते. पण भावाची भीती वेगळी होती. त्याचं पोट डोळ्यांवर होतं. समोरून येणाऱ्या ट्रकची पाटी आपण लांबून वाचतो, याचा त्याला फार अभिमान. रस्त्याने जाताना उगाच नंबर वाचून दाखवायचा.

मी सुई-दोऱ्याचा डबा आणला, सुई काढली आणि त्याच्या देखत एका झटक्यात दोरा ओवला.

“आता नाही समजत,” तो म्हणाला. “सालभरानं समजते.”

तेव्हा मला हसू आलं. त्याच सुमारास त्याची डावीकडची दाढ दुखायला लागली होती, हे मला नंतर कळलं. तो मला बघायला आला होता तसा स्वतःसाठी चौकशी करायलाही आला होता.

पुढे तो आला की मी सुई-दोरा घेऊनच बसायची. तो आमचा खेळच झाला. त्याचं दुखणं वाढत होतं. खर्रा त्याच बाजूला दाबला की दाढ सुन्न होते, असं तो म्हणायचा, आणि म्हणून खर्रा आणखी वाढला. मी म्हणायची, “काहून असा त्रास काढतं गा? अर्ध्या तासाचं काम आहे. चल माह्यासंग.” एकदा तर तो “पाहू, मोसम संपला की” इथपर्यंत आला. माझ्या भावाच्या बाबतीत एवढं म्हणजे होकारच.

आणि नेमका तेव्हाच मला चष्मा लागला.

ऑफिसात कागद लांब धरून वाचावे लागत होते. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, चाळिशीचा आहे, सगळ्यांनाच लागतो. मी मुकाट्याने चष्मा घेतला, पण भाऊ आला की उशीखाली सारून ठेवायची. स्वयंपाकघरात अंदाजाने तांदूळ निवडायची. सुई-दोऱ्याचा डबा तर लपवूनच ठेवला. पण ट्रकची पाटी वाचणाऱ्या माणसाला नाकावरचे दोन लाल ठिपके दिसणार नाहीत का?

“चष्मा लागला ना तुले?”

“चाळिशीचा आहे गा. वयानं लागते.”

“मी तुह्याहून मोठा आहो. मले लागला का?”

मी संतापले. डॉक्टरला जास्त समजतं का तुला, म्हणाले. अडाणी म्हणाले. तो शांतपणे चहा पीत राहिला. वाद तो जिंकला होता, आणि त्याला जिंकल्याचा आनंदही नव्हता. बिचारीला फसवलं डॉक्टरांनी, अशा नजरेने तो माझ्याकडे बघत होता. त्यानंतर दाढ काढायचा विषय त्याने बंद केला.

थंडीत एका रविवारी तो जेवायला आला. मी त्याच्या आवडीचं मटण केलं होतं, तर्री वर आलेली, नाकातून पाणी काढणारं. दुसऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं तेव्हा आणखी रस्सा मागणारा तो माणूस. त्याने पहिला घास घेतला आणि थांबला. चेहरा लाल झाला. मग हळूच म्हणाला, “दही आहे का वं?”

आम्ही किती हसलो! माझा नवरा म्हणाला, काटोलच्या माणसानं रश्श्यात दही टाकलं, आता काही खरं नाही. भाऊही हसला. पण हसताना त्याचं तोंड नेहमीसारखं उघडलं नाही. ओठ ताणले गेले फक्त. जेवण झाल्यावर संत्रं सोलून दिलं, तर अख्खी फोड तोंडात टाकायच्या ऐवजी ती दोन तुकडे करून आत सारत होता. मी विचारलं तर म्हणाला, “दाढ. दुसरं काय? तुहं बी तर नव्हतं उघडत.”

ते खरंच होतं. माझंही उघडत नव्हतं. म्हणून मीही मान हलवली.

उन्हाळ्यात वहिनीचा फोन आला. “ताई, हे भात बी पातळ करून मागून राहिले. माह्यं ऐकत नाही. तुम्ही या.” मी पहिली एसटी पकडून गेले आणि त्याला अक्षरशः ओढून नागपूरला आणलं. वाटेत तो एकच गोष्ट सांगत होता, की दाखवायला येतो, काढू देणार नाही.

त्याच दवाखान्यात गेलो, त्याच मुलीकडे. ती त्याला म्हणाली, “काका, तीन बोटं उभी करून तोंडात घाला बरं.” त्याची दोन बोटंही गेली नाहीत. एक गेलं. तिने छोटा आरसा कसाबसा आत घातला आणि बॅटरी धरली. दाढेबद्दल तिने काही विचारलंच नाही. गाल आतून चाचपडत राहिली. मग आतल्या फोडाशी थांबून विचारलं, “हा छाला कधीपासून आहे?”

“दाढेमुळं आहे तो,” भाऊ म्हणाला. “दाढ लागते तिथं.”

तिने हातमोजे काढले. मला बाजूला बोलावलं नाही. त्याच्यासमोरच सांगितलं, आणि यासाठी मी तिला मानते. दाढ सरळ आहे, ती सहज निघाली असती, पण आता गोष्ट दाढेची राहिलेली नाही. सुपारी-तंबाखूने गाल आतून कडक झालाय आणि तिथे जखम झालीय, कॅन्सरचीच वाटते, ऑपरेशन लागेल. मोठ्या दवाखान्यात जा, उद्याच. मी विचारलं, “दाढ दुखायला लागली तेव्हाच आलो असतो तर?” तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तर छाला लहान असताना दिसला असता.”

भावाने तिला एवढंच विचारलं, “ऑपरेशनमंधी दाढ बी काढतीन का?”

“हो काका. दाढ, जबडा, सगळंच त्या बाजूचं.”

तेव्हा तो पहिल्यांदा घाबरलेला दिसला. कॅन्सर शब्दाला नाही, त्या ‘हो’ला. मला त्याचा राग आला, फार राग आला, आणि त्याच वेळी त्याला लहान मुलासारखं पोटाशी धरावंसं वाटलं. दोन्हींपैकी मी काहीच केलं नाही. रिक्षा बोलावली.

ऑपरेशननंतर बरेच दिवस त्याला बोलता येत नव्हतं. नाकात नळी, अर्धा चेहरा बसलेला, मांडीची कातडी गालावर लावलेली. वहिनी लाळ पुसत बसायची. मी ऑफिसातून सुटले की जायची. एक दिवस गेले तर तो खिडकीपाशी खुर्चीवर बसला होता. खाली वाहनतळ. त्याने मला जवळ बोलावलं, बाहेर बोट केलं आणि मग एकेक करून बोटं दाखवायला लागला. सात. एक. चार. शून्याला मूठ. मला काही कळेना. वहिनी म्हणाली, “त्या टेम्पोचा नंबर सांगून राहिले. सकाळपासून हेच चालू आहे.”

मी खिडकीतून पाहिलं. भिंतीकडेला एक टेम्पो उभा होता, एवढं मला दिसलं. इतक्या वरून पाटी नुसतीच पिवळट. मी खाली जाऊन नंबर पाहून आले. बरोबर होता.

वर आले तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता. मी मान हलवली. त्याने उरलेल्या तोंडाने शब्द जुळवले. फार वेळ लागला, आणि त्यातला निम्मा आवाज नळीतच अडकला, पण मला तो कळला.

“डोळे नाही गेले वं. फालतूच भेलो मी.”

संत्र्यांचा पुढचा मोसम सुरू व्हायच्या आत तो गेला. शेवटपर्यंत त्याला चष्मा लागला नाही.