तांबड्या रंगाखालचा नगारा

आमच्या घरातला नगारा नगाऱ्यासारखा दिसत नाही, हे मला सातवीत असतानाच कळलं होतं. नगारा पातेल्यासारखा गोल बुडाचा असतो. आमचा डब्यासारखा सरळ, दोन्ही तोंडांना कातडं आणि भोवती दोऱ्या. पंधरा ऑगस्टला शाळेच्या संचलनात पुढे वाजणारा ड्रम बघितला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. घरी येऊन वडिलांना विचारलं. "पूर्वीचे नगारे असेच असायचे," एवढं म्हणून ते गुरं बघायला निघून गेले. तेव्हा आमच्याकडे गुरं नव्हती.

घरात सांगतात ते असं. आमचे खापरपणजोबा बारा वर्षांचे असताना राजाच्या फौजेत नगारा वाजवायला होते. पुढे जायचं की मागे फिरायचं, हे शिपायांना त्या ठोक्यांवरून कळायचं. इंग्रजांनी किल्ल्याला वेढा घातला तेव्हा बाकी सगळे कामी आले तरी ते शेवटपर्यंत वाजवत राहिले आणि मग नगारा पाठीला बांधून गावी आले. म्हणून शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, बसली की पहिला ठोका आमच्या घराचा. तो पडल्याशिवाय गावातला एकही ढोल वाजत नाही. आमची ना आंब्याच्या कलमांची बाग, ना मुंबईत कुणी साहेब. गावात आम्हाला ओळखतात ते त्या एका ठोक्यामुळे.

मला ही गोष्ट कधी पचली नाही. वेढ्यात बाकी सगळे मेले, मग हेच कसे सुटले? तेही नगाऱ्यासकट? आणि वडिलांच्या माघारी ज्याच्याकडे मान आला, तो माझा काका दर शिमग्याआधी दार लावून नगाऱ्याला तांबडा ऑइलपेंट का देतो? घराच्या भिंतींना दहा वर्षांत चुना लावला नाही त्याने! संशय फक्त मलाच होता असंही नाही. पालखीपुढे भाला धरायचा मान खालच्या वाडीतल्या घराचा. तिथले आबा दरवर्षी आमच्या नगाऱ्याकडे वाकून बघत आणि काही न बोलता सरळ होत. ते न बोलणंच मला जास्त झोंबायचं.

यंदा काकाचा हात थरथरायला लागला. त्याने रत्नागिरीला माझ्या ऑफिसात फोन केला. "औंदा तूच वाजव. रंगबी तूच दे. पन पॉलिश पेपर मारू नको हां. वरनंच दे."

असं सांगितल्यावर माझ्यासारखा माणूस दुसरं काय करणार? पालीच्या बाजारात रंगाच्या डब्याबरोबर दोन पॉलिश पेपर घेतले आणि शिमग्याच्या आदल्या दिवशी मीही दार लावून बसलो. तांबडा गेला, खाली भगवा निघाला, त्याखाली पुन्हा तांबडा. दोन तासांनी पितळ दिसलं. पितळेवर ठोकून उठवलेला मुकुट होता आणि मुकुटाखाली इंग्रजी अक्षरं.

बारा वर्षांचा तो पोरगा वाजवत होता, पण किल्ल्यात नाही. किल्ल्याबाहेर, साहेबाच्या पलटणीत.

दार उघडून काकाला हाक मारली. त्याने मुकुटाकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुज्या बापालाबी ठाव व्हता," तो म्हणाला. "त्याच्या बापालाबी. सगळ्यांनी एकेकदा खरवडून बघितलान, मंग रंग दिलान."

"म्हणजे इतकी वर्षं गावाला फसवलं?"

"मंग जा, सांग सहाणेवर. पन आदी तो पट्टा गळ्यात घालून बघ."

नगाऱ्याला कातडी पट्टा होता. मी घालून बघितला. तो माझ्या खांद्यावरूनच खाली उतरेना. बक्कल शेवटच्या भोकात होतं आणि तेही भोक कुणीतरी खिळ्याने आत पाडलेलं, पट्टा आणखी आखूड व्हावा म्हणून. बारा कसले? आठ-नऊ वर्षांचं पोर असणार. कुणाच्या बाजूने लढतोय, हे त्याला कुणी सांगितलं असेल का? मला एकदम रडू आलं आणि काकासमोर आलं म्हणून रागही आला.

मी रंग दिला. दोन हात दिले.

दुसऱ्या दिवशी पालखी सहाणेवर बसली. देवाला गाऱ्हाणं घालून झालं, त्यात राजाच्या फौजेचा उल्लेखही झाला. मी मान खाली घालून ऐकला. भाला धरून आबा शेजारीच उभे होते. ते नेहमीसारखे वाकले आणि यंदा त्यांनी नगाऱ्यावर बोट टेकवलं. रंग पुरता वाळला नव्हता. त्यांचं बोट तांबडं झालं.

संपलं, असं मला वाटलं. सगळा गाव ठोक्याची वाट बघत होता. आबांनी बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बोट सावकाश धोतराला पुसलं.

"वाजव," ते माझ्या कानाशी म्हणाले. "आमच्या भाल्यालाबी दरसाल रंग देताव. दार लावून."