किशोरीची चाकं

किशोरी, ऐक आणि मध्ये बोलू नकोस. जेटीवर जो तो तुझी गोष्ट आपल्या सोयीने सांगतो. निलेश तर त्यात स्वतःलाच घुसवतो. म्हणून ती मीच लिहितेय, आणि आधी तुला ऐकवतेय.

तू होडीवाल्या दाजींची मुलगी. आईने डोक्यावर मासळीची पाटी द्यायच्या आत तू होडीच्या इंजिनाला पाना लावलास. तुला गॅरेज काढायचं होतं, पण होडीवालीच्या हाती गाडी कोण देणार? माझा भाऊ गेला, त्याची लाल, बिनटपाची, दोन आसनी स्पोर्ट्स कार माझ्या खोपीत पडून होती. देवगडला जुन्या गाड्यांची मिरवणूक ठरली तशी तू आलीस.

"काकी, ही देवगडाक माझ्या हातान जातली. मगे बघूया कोण हसता ता."

मूळ चाकं खाऱ्या हवेने खाल्ली होती. दुसरी मिळाली ती इतकी आत बसत की टायर आतल्या दांड्याला घासे. म्हणून हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, आणि चाक यांच्या मध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती घालायची, स्पेसर. मी विचारलं, "मग बोल्ट आखूड नाही पडणार?"

"पडतलेच. म्हणान लांब मागवलंय. नट पुरो बसाक होयो."

चकत्यांचा पहिला जोड हबवर सैल बसला, तो तू तडक परत पाठवलास. इथवर उत्तम. मग जो घोटाळा केलास तो अस्सल समुद्रकाठचा. लोखंड दिसलं की आपल्या लोकांचा हात ग्रीसच्या डब्यात जातो. होडीवर तेच बरोबर. तू चकतीच्या दोन्ही तोंडांना आणि बोल्टांच्या आट्यांनाही ग्रीस चोपडलंस.

गाडी चालवून बघायला काढलीस, तर कोळंबच्या पुलाअलीकडेच स्टिअरिंग थरथरू लागलं. तू लगेच थांबलीस, हे शहाणपण. नट बोटांनी फिरत होते. आणि नेमका निलेश मोटरसायकलवरून आला.

"गो किशोरी, चाक आधी देवगडाक जातला की तू?"

"तू आधी घराक जा, मेल्या!"

नट आवळून गाडी हळूहळू घरी आणलीस आणि चाक उतरवून बघतच राहिलीस. "ग्रीसार घसारतला नाय तर काय! काकी, माझीच अक्कल गंजली." रडलीबिडली नाहीस, बरं केलंस, मला रडणं आवडत नाही. ताणलेले बोल्ट फेकून नवे घातलेस. हब, चकती, चाक, सगळं पुसून, ब्रशने घासून कोरडं ठणठणीत केलंस. नट ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळलेस, आणि शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर, मापाच्या पान्याने, खटक वाजेपर्यंत. दाजी म्हणाले, "आणखी वायच मार." तू हात आवरलास. "जोर माझो नको बाबा, पान्याचो होयो."

नवी चकती थोडी चालल्यावर बसते, म्हणून मिरवणुकीच्या दिवशी वाटेत आचऱ्याला थांबून नट पुन्हा तपासायचे होते. मी म्हटलं, थांबतेसच आहेस तर तिथल्या लोहाराकडे धारेला दिलेला माझा नारळ खवायचा आडाळो घेऊन ये.

"हाडतंय ओ, घेऊन येतंय!"

मला मात्र गाडीत घेतलं नाहीस. "आधी माझो जीव जावंदे, मगे तुमचो." मी मुकाट्याने एसटीने देवगड गाठलं.

आणि वळणावरून ती लाल गाडी आली! एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्याने हॉर्न, केस भुतासारखे, आणि चारही चाकं जागच्या जागी. बंदरावरची माणसं ओरडली, मीसुद्धा ओरडले, घसा बसला. निलेश गर्दीतून पुढे आला.

"किशोरी गो, माझी मोटरसायकल बघशीत?"

"हाड तुझी गाडी. आधी ग्रीस पुसून हाड."

मी बाजूच्या सीटवर वाकून पाहिलं. हार होता, पाना होता.

"आचऱ्याला थांबलीस ना?"

"थांबलंय तर! चारय चाकांचे नट बघितलंय!" तू छाती फुगवून सांगितलंस.

आता तुझ्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग असते, आणि दुरुस्त केलेली प्रत्येक गाडी तू आचऱ्यापर्यंत पळवून बघतेस. मी शेजारणीच्या आडाळ्यावर नारळ खवते. माझा अजून लोहाराकडेच आहे.