गणवेशाची घडी

अनंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडईत मटार निवडत होतो. त्याचा मुलगा एवढंच म्हणाला, “काका, बाबा गेले.” मी मटार तोलून घेतले, पैसे दिले आणि मग तिथल्याच एका पायरीवर बसलो... त्याला आता पाच आठवडे झाले. मटार कोणी सोलले, आठवत नाही.

लष्करी कपड्यांच्या गोदामात आम्ही दोघं पंचवीस वर्षं कारकून होतो. स्वेच्छानिवृत्तीचे अर्जही एकाच दिवशी भरले. त्यानंतर मी काहीच केलं नाही. अनंताने मात्र लढाईतले गणवेश, बिल्ले, सैनिकांची पत्रं जमवायचा उद्योग आरंभला. तो काळ लोकांनी जुनी घरं सोडून फ्लॅटमध्ये जाण्याचा होता. मुलं कॉम्प्युटरवर कमवायला लागली होती आणि नव्या घरात ट्रंकेला जागा नसायची. तिथे अनंता स्कूटरवरून हजर, मागे मी. लोकरी कपडा वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिला की घडीवरच विरतो, हे आम्ही गोदामात शिकलो होतो. म्हणून दर सहा महिन्यांनी तो एकेक गणवेश उलगडायचा आणि नव्याने घडी घालायचा. घरातली चादर याने कधी घडी केली नाही, असं त्याची बायको म्हणायची, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

एकदा धायरीच्या शेवंताबाईंकडे गेलो. शेताचे प्लॉट पडले होते, मुलाने फ्लॅट घेतला होता. त्यांचा नवरा पासष्टच्या लढाईत अंगावर असलेला गणवेश घरी ठेवून गेला आणि एकाहत्तरच्या लढाईत मारला गेला. बाईंनी ट्रंक उघडली. अनंताने गणवेश उचलला आणि सवयीने एका झटक्यात उलगडून झटकला. घडीवर कपडा विरायला लागलाच होता. तो तसं सांगू लागला, तर बाई भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या.

“ती घडी त्यांनी घातली व्हती,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या सुट्टीत. मी कधी मोडली न्हाई.”

जुन्या खुणांवरून अनंताने पुन्हा तशीच घडी घालायचा प्रयत्न केला. ती हुबेहूब जमली, पण त्याचा आता काय उपयोग? गणवेश मागायला आलेला माणूस तो न मागताच उठला. नंतर कुठल्याही घरी गेला की हात लावण्याआधी विचारायचा, “घडी कोणी घातलीय?” लोकांना तो विक्षिप्त वाटायचा. मला आधीपासूनच वाटत होता.

पुढे दर वर्षी संक्रांतीनंतर तो शेवंताबाईंच्या फ्लॅटवर जाऊन त्याच एका गणवेशाची घडी बदलून यायचा. बाई करू द्यायच्या, चहा द्यायच्या, पण त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत. त्यांनी आपल्याला माफ केलेलं नाही, असं अनंताने मनाशी धरलं होतं. चहात साखर तर असते ना, मग झालं, असं मी म्हणायचो. तो हसायचा नाही. एकदा म्हणाला, “अरे, तिच्याकडे त्याचं तेवढंच उरलं होतं.” त्यानंतर साखरेचा विनोद मी पुन्हा केला नाही.

हॉस्पिटलात शेवटचं भेटलो तेव्हा त्याला बोलायला धाप लागत होती. तरी म्हणालाच, धायरीला या वर्षी तू जा, घडी बदलायची राहिलीय.

परवा गेलो. अनंता गेल्याचं सांगितल्यावर शेवंताबाई उठून आत गेल्या. गणवेश आणून त्यांनी माझ्यासमोर पलंगावर ठेवला. गेल्या संक्रांतीला अनंताने घातलेली घडी, बाह्या आत, कॉलर सरळ. मी हात पुढे केला, तर त्यांनी गणवेशावर आपला हात ठेवला.

“राहू द्या, दादा. ही अनंताभाऊंची घडी हाय.”

एवढी वर्षं माफीच्या ज्या शब्दासाठी तो झुरला, तो मला ऐकावा लागला. मला रडू आवरलं नाही... घडी बदलायचं काम अनंताने माझ्यावर सोपवलं होतं; तशीच ठेवली तर कपडा विरेल, हे त्यांना सांगायला हवं होतं. मी ते सांगितलं नाही.